हालिनाबाईंचा फोन

हालिनाबाईंनी पहिल्याच भेटीत मला धावायला लावलं होतं. शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या लायब्ररीत दुसऱ्या मजल्यावर काचेच्या छोट्या खोल्या आहेत. दर शनिवारी दहा वाजता तिथे मी नवख्या लोकांना इंग्रजी शिकवते. फुकट, हौसेने. त्या दिवशी सत्तरीच्या एक उंच बाई आत आल्या. कोट काढून खुर्चीच्या पाठीवर नीट बसवला, पर्समधून रुमाल काढून टेबल पुसलं, मग उजवा हात फोनसारखा कानाशी धरून म्हणाल्या, "माय नेम इज हालिना. माय हजबंड इज नॉट ब्रीदिंग." फोन घेऊन मी दाराकडे धावले, नवरा कुठे आहे, खाली पार्किंगमध्ये का, असं विचारत सुटले. बाई जागच्या हलल्या नाहीत. "बस," म्हणाल्या. "आठ वर्षं झाली त्याला."

पुढची दोन वर्षं आमचा प्रत्येक शनिवार याच फोनने सुरू झाला. मी नाइन-वन-वन या तातडीच्या मदतीच्या नंबरवरची बाई व्हायचं. पत्ता विचारायचा, काय झालं ते विचारायचं, मग विचारायचं, "इज ही ब्रीदिंग?" त्या मान ताठ करून सांगायच्या, "नो. ही इज नॉट ब्रीदिंग. नो." मग मी सांगायचं, दोन्ही हात छातीच्या मधोमध ठेवा आणि जोरात दाबा. त्या खरोखर उठून उभ्या राहायच्या आणि लायब्ररीच्या टेबलावर दोन्ही तळवे ठेवून दाबायच्या, वन, टू, थ्री, फोर. टेबल हलायचं. शेजारच्या खोलीतली मुलं काचेतून बघायची. तीस झाले की त्या बसायच्या, टेबल पुन्हा पुसायच्या आणि निळी वही उघडायच्या. "आता म्हणी," म्हणायच्या.

खरं सांगते, पहिले दोन महिने मला हे भीतीदायक वाटायचं. मेलेल्या माणसाची छाती आठवड्याला एकदा दाबायची म्हणजे काय? पण विचारायची हिंमत होत नव्हती. शेवटी एकदा 'चेस्ट', 'ब्रेथ', 'हार्ट' असे शरीराचे शब्द करताना त्यांनी स्वतःच पेन खाली ठेवलं.

त्या मूळच्या पोलंडच्या, आणि शिकागोच्या आसपासच्या गावांमधली घरं साफ करायच्या, सव्वीस वर्षं. काम देणारी बाईही पोलिशच होती. तिने पहिल्या दिवशी सगळ्या बायकांना एकच इंग्रजी वाक्य शिकवलं. घरमालकीण काहीही बोलली तरी म्हणायचं, "येस, नो प्रॉब्लेम." समजलं नाही असं दाखवलं की काम गेलं. हालिनाबाईंनी ते वाक्य इतकं घोटलं की झोपेतून उठवलं तरी तेच तोंडातून यायचं. फरशांच्या फटी, फ्रिजमागची धूळ, ड्रायरच्या जाळीतला कापूस, या सगळ्याचं इंग्रजी त्यांना माझ्यापेक्षा चांगलं येत होतं. माणसाच्या दुखण्याखुपण्याचं मात्र एक अक्षर येत नव्हतं, कारण त्याची कधी गरजच पडली नव्हती.

नवरा यानेक, छपरं घालायचं काम करायचा. फेब्रुवारीतल्या एका दुपारी तो स्वयंपाकघरात कोसळला. हालिनाबाईंनी फोन लावला. नाव, पत्ता सांगितला. पलीकडची बाई भराभर काहीतरी विचारत होती. पोलिश दुभाषा मागता येतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. घाबरलेल्या जिभेवर जे तयार होतं तेच आलं. "येस. येस, नो प्रॉब्लेम." ॲम्ब्युलन्स आली, बरोबर घरी आली. पण ती येईपर्यंत त्या यानेकचा हात हातात धरून नुसत्या बसून होत्या. काय विचारलं होतं ते त्यांना अंत्यविधीच्या दिवशी कळलं. मुलाने, आदामने, कुठून तरी चौकशी करून आणलं होतं. तो म्हणाला, "आई, त्यांनी विचारलं होतं, श्वास चालू आहे का. तू हो म्हणालीस. नाही म्हणाली असतीस तर काय करायचं ते त्यांनी फोनवरच सांगितलं असतं."

"एकदाच बोलला तो," हालिनाबाई म्हणाल्या. "पुन्हा कधी नाही. पुन्हा बोलायची गरजच नाही." छाती दाबून यानेक वाचला असता का, याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. मी तसं म्हणून पाहिलं. त्यांनी हातानेच मला थांबवलं. "मला फक्त त्या बाईला 'नाही' म्हणून सांगायचंय. बाकीचं इंग्रजी नंतर."

बाकीच्या इंग्रजीत मात्र बाई धमाल करायच्या. निळ्या वहीत प्रत्येक पानावर तीन रकाने. एक इंग्रजी, एक पोलिश, आणि तिसरा माझ्या मराठीचा. एखादं काम सोपं असलं की इंग्रजीत ते 'पीस ऑफ केक', पोलिशमध्ये 'लोणी लावलेला पाव', आणि आमच्याकडे 'डाव्या हातचा मळ', असं मी सांगितलं. त्यांनी तोंड वाकडं केलं. "ते दोघं खातात आणि तुम्ही मळ काढता? मी सव्वीस वर्षं मळ काढलाय. सोपा नसतो तो." मी ऑफिसातलं काहीतरी डोक्यात घेऊन आले की त्यांना दारातच कळायचं. "आज तुझ्या नाकात माश्या आहेत," म्हणायच्या. रुसलेल्या, चिडलेल्या माणसाला पोलिश लोक असं म्हणतात. मी खिडकीबाहेर बघत बसले की, "निळ्या बदामांचा विचार पुरे." आमच्या घरात आता हे दोन्ही मराठीत रूढ झालंय.

त्यांची एक अट होती. "मी फुकट घेत नाही. तू मला शिकवतेस, मी तुला शिकवणार. दर शनिवारी एक पोलिश शब्द." मी नमस्कार शिकले, धन्यवाद शिकले, आणि तिथेच माझं पोलिश संपलं. या आठवड्यात ऑफिसात सॉफ्टवेअरची रिलीज होती, त्या आठवड्यात पाहुणे होते. माझ्या बाबांनी साठीतल्या आजीला पाटीवर अक्षरं गिरवायला लावली होती आणि त्याचा आम्हाला घरभर अभिमान. त्याच घरातली मी, पण मला आठवड्याला एक शब्द जड झाला. हालिनाबाई रागावल्या नाहीत. वहीत चौथा रकाना आखून त्यांनी तो कोरा ठेवला.

त्याच सुमारास आई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आली. मी आणि नवरा दोघंही कामावर, त्यामुळे ती दिवसभर घरी एकटी. हे ऐकून हालिनाबाईंचा चेहराच उतरला. पुढच्या शनिवारी लायब्ररी सोडून त्या थेट आमच्या घरी आल्या. बसल्या आणि हात कानाशी धरायची खूण करून आईला म्हणाल्या, "तू फोन कर."

"अगं, मला काय शिकवते ही?" आई मला म्हणाली. "पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलाय मी. येतं मला इंग्रजी."

हालिनाबाईंनी इथल्या लोकांसारखा भरभर प्रश्न टाकला, कोणाला लागलंय का, श्वास चालू आहे का. आईला काही समजलं नाही. पण ती पडली नागपूरची, पाहुण्यांच्या समोर अडून कशी बसणार. हसून मान डोलावली आणि म्हणाली, "येस, येस."

हालिनाबाईंनी टेबलावर थाडकन हात आपटला. "नो. समजलं नाही तर येस नाही. कधीच नाही." आई माझ्याकडे बघायला लागली. मी तिला मराठीत सगळं सांगितलं, यानेक, फोन, ते उत्तर. आईने आपली खुर्ची जवळ ओढली. मग हालिनाबाईंचा हात धरून म्हणाली, "विचार परत." पुन्हा प्रश्न आला आणि आई म्हणाली, "आय डोन्ट अंडरस्टँड. प्लीज से अगेन." मग दोघींनी ते वाक्य पाढ्यासारखं आलटून पालटून म्हटलं, चहा गार होईपर्यंत.

त्या गेल्यावर आई भांडी घासता घासता म्हणाली, "प्रज्ञा, या बाईला कोणीतरी माफ करायला पाहिजे गं."

"कोणी?" मी विचारलं. "मुलाने?"

"मुलाने केलं तर बरंच. पण तिचं तिलाच जमत नाहीये. म्हणून तर दर शनिवारी फोन लावते."

ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. टेबलावर एक ताट जास्त मांडलेलं होतं. अवचित कोणी आलं तर उपाशी जाऊ नये म्हणून त्या दिवशी एक जागा मोकळी ठेवायची, अशी त्यांच्याकडची रीत. आदाम ॲन आर्बरला राहतो, चार-साडेचार तासांवर. तो येणार का, असं मी हळूच विचारलं. "उडी मारायच्या आधी 'हॉप' म्हणू नये," त्या म्हणाल्या. बाजारात तुरीची म्हण मी त्यांना सांगितली होती, ती आठवून हसल्याही. पण जेवताना त्यांची नजर सारखी दाराकडे जात होती. त्या ताटात कोणीच जेवलं नाही. आदामचा फोन आला, दोन मिनिटांचा. वाट मुलाची होती की त्याच्या बापाची, ते मला त्या घरात बसून सांगता आलं नसतं, आणि खरं तर मला तिथून लवकर निघावंसं वाटत होतं.

आई नागपूरला परत गेली. मार्चमध्ये एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. आदाम होता. हालिनाबाईंना स्ट्रोक आला होता. तो गाडीतूनच बोलत होता, पोहोचायला अजून तीन तास. "तिच्या फोनमध्ये तुमचा नंबर 'टीचर' म्हणून आहे. मी येईपर्यंत तिच्याजवळ बसाल का?" मग म्हणाला, "तिने स्वतः फोन केला नाइन-वन-वनला. हॉस्पिटलवाले सांगत होते. पत्ता नीट सांगितला, उजवा हात हलत नाही म्हणून सांगितलं. एक प्रश्न कळला नाही तर म्हणाली, प्लीज से अगेन." मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले.

मी पोहोचले तोवर त्यांचं इंग्रजी गेलं होतं. नर्स म्हणाली, तासाभरापासून एकही इंग्रजी शब्द नाही, बहुतेक पोलिश बोलतायत. दुभाष्याशी बोलायचा व्हिडिओ स्क्रीन आणते म्हणून ती बाहेर गेली. हालिनाबाईंचा उजवा हात निर्जीव पडला होता. डावा तळवा मात्र पांघरुणावर दाबत होता, थांबत होता, पुन्हा दाबत होता. त्यांना अस्वस्थ वाटतंय असं मला वाटलं. मी तो हात धरायला गेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि एकच शब्द विचारला. "ओद्दिखा?"

प्रश्न होता एवढं सुरावरून कळलं. त्यांनी पुन्हा विचारलं, आणि आता डोळ्यांत इतकी भीती होती की मला ती बघवेना. मी म्हणाले, "येस. येस, नो प्रॉब्लेम."

बोलले आणि मला माझेच शब्द ऐकू आले. दोन वर्षं त्यांनी मला एकच नियम सांगितला होता, माझ्या आईलाही टेबलावर हात आपटून सांगितला होता, आणि मी तोच मोडला होता. हालिनाबाई माझ्याकडे रोखून बघत होत्या. मी खोटं बोलतेय का ते तपासत असाव्यात. मग डावा हात थांबला. त्यांनी डोळे मिटले. नर्स स्क्रीन घेऊन आली तोवर त्यांना झोप लागली होती. त्या झोपेतून त्या पुन्हा नीट जाग्या झाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी गेल्या.

आदामला मी आदल्या संध्याकाळीच, तो पोहोचला तेव्हा, कॉरिडॉरमध्ये सगळं सांगितलं होतं, अपराध्यासारखी. तुझी आई काहीतरी विचारत होती आणि मी न समजताच हो म्हणाले. त्याने शब्द विचारला. मी जसा ऐकला तसा सांगितला, "ओद्दिखा."

तो भिंतीला टेकला. "म्हणजे, त्याचा श्वास चालू आहे का."

मग त्याने विचारलं, "आणि तुम्ही हो म्हणाल्यावर? पुन्हा विचारलं तिने?"

"नाही."

आदाम खाली फरशीवरच बसला. एवढा मोठा माणूस, कोट घालून. "मी तिला ते सांगायला नको होतं," तो म्हणाला. "अंत्यविधीच्या दिवशी. कोणी सांगतं का असं आईला?" मी त्याच्या शेजारी बसले. काही वेळाने तो थँक यू म्हणाला. त्यावर इथे सगळे म्हणतात ते 'नो प्रॉब्लेम' माझ्या ओठांवर आलं होतं, पण मला ते म्हणवेना.

निळी वही त्याने मला दिली. चौथा रकाना कोराच आहे. मी त्यात तो एक शब्द लिहिला, देवनागरीत. शनिवारी दहा वाजता मी अजून त्या काचेच्या खोलीत शिकवते. नवीन कोणी आलं की आधी "मला समजलं नाही" हे म्हणायला शिकवते, मग बाकीचं. पण तास सुरू होण्याआधी, रिकाम्या खुर्चीसमोर, मी रुमालाने टेबल पुसते. त्या वेळी तो प्रश्न मला स्पष्ट ऐकू येतो. आता मला त्याचा अर्थही कळतो, आणि तरी मी हो म्हणते.