हळू ठोके

आमचे हे ड्रम वाजवतात. घरातही गप्प बसतील तर शपथ! टेबलावर, उशीवर, माझ्या पाठीवरसुद्धा बोटं चालूच. लग्न झालं तेव्हा वाटलं होतं, चार महिन्यांत सवय जाईल. कसली जाते! उलट मलाच लागली.

ह्यांची खासियत म्हणजे मधले हळू ठोके. दोन मोठ्या ठोक्यांच्या मध्ये काठी नुसती टेकवल्यासारखी करतात. नीट कान दिल्याशिवाय कळत नाहीत, पण ते काढले तर गाणं कोरडं लागतं. ह्यांच्या बँडची गायिका म्हणते, "मी त्या ठोक्यांवरच श्वास घेते."

तर गेल्या वर्षी हे पंखा पुसायला शिडीवर चढले. मी कंठशोष करून सांगत होते, नका चढू. ऐकतंय कोण? पडले, उजवा खांदा निखळला. खांदा बसवला, पण जोर गेला तो गेलाच. मोठा ठोका मारला की तोंड वेडंवाकडं, आणि आवाज फुसका. बँडचे मास्तर माणूस भला, पण तेही किती दिवस सांभाळून घेणार? म्हणाले, "ड्रमला सेन्सर लावू. तुम्ही बेतानं वाजवा, जोराचा आवाज कॉम्प्युटर काढेल. तेही नाही जमलं, तर मला दुसरा वादक बघावा लागेल."

तालमीला मीही गेले. त्या सेन्सरनं काय करावं? ह्यांचे हळू ठोकेही मोठे करून टाकले! जिन्यावरून भांडी गडगडावीत तसा गोंधळ. मास्तर म्हणाले, "ते मधले सोडून द्या." ह्यांनी सोडले. गाणं पार पडलं, सगळे छान म्हणाले. घरी येताना हे म्हणाले, "एवढंच वाजवायचं तर मी कशाला हवा?" त्या दिवशी जेवताना ह्यांची बोटं टेबलावर नुसती पडून होती. मला ते बघवेना.

दुसऱ्या दिवशी मी सेन्सर बसवणाऱ्या साउंडवालीला गाठलं. पोरगी आमच्या लेकीएवढी, तोंडात कायम च्युइंगम. म्हटलं, "तुझ्या कॉम्प्युटरला हळू कशाला म्हणतात ते शिकव, नाहीतर मी वायरी उपटून ठेवते." ती हसली. "काकू, मला काकांची जुनी रेकॉर्डिंग आणून द्या."

आठवड्यानं तिनं आम्हाला बोलावलं. हॉल रिकामा होता. ह्यांनी बेतानं ठोका मारला, आणि स्पीकरमधून असा दणदणीत आवाज आला की हे दचकले.

"अरे, हा तर माझाच हात!"

"तुमचाच, काका. पडायच्या आधीचा. जुन्या रेकॉर्डिंगमधून काढलाय. एवढा जोर लावलात की तो वाजणार. त्याहून हळू वाजवलंत, तर कॉम्प्युटर मध्ये पडणार नाही. माइकमधून तुमचा आत्ताचा ठोका येईल."

हे दुखरा खांदा धरून बसले. मग पुन्हा मारला, ऐकला. पुन्हा मारला. डोळे भरून आले होते. माझेही आले, लपवू कशाला?

मास्तर दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी विचारलं, "काय, जमेल ना?"

"जमेल," हे बाहीला डोळे पुसत म्हणाले. "जोरात तो जुना वाजवेल. हळू वाजवायला मी आहे."