वरणाची अंत्ययात्रा आणि आमची समिती

आमच्या विद्यापीठाच्या प्रवेशअर्जावर एक प्रश्न असे : आपल्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे का, किंवा शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का? 'होय' लिहिणाऱ्यांची छाननी करायला तीन जणांची समिती होती आणि तिच्यात मी होते. मी मराठी शिकवायचे. माझी नेमणूक का झाली हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. अध्यक्ष होते रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक, निवृत्तीला टेकलेले. तिसरे सदस्य पोलीस खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना सगळे साहेबच म्हणत.

अडचण एकच होती, 'होय' कोणी लिहीतच नसे. दर उन्हाळ्यात आम्ही जमायचो, चहा घ्यायचो आणि 'एकही प्रकरण नाही' असं इतिवृत्त करून घरी जायचो. त्यामुळे प्रवेश विभागातल्या बाईंचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज बारशाचं आमंत्रण द्यावं तसा होता.

"मॅडम, एक गुन्हेगार आलीय. एफआयआर स्वतःच जोडलाय तिनं."

साहेब त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आले. अध्यक्षांनी पंखा पुसून घेतला होता.

मुलगी भंडाऱ्याकडची, किरकोळ अंगाची. वनस्पतिशास्त्रात एमएस्सी करायला आली होती. बसा म्हटल्यावर खुर्चीच्या कडेवर बसली.

"तुम्ही 'होय' का लिहिलंत?" अध्यक्षांनी विचारलं.

"विचारलं होतं ना, जी."

अध्यक्ष पाणी प्यायले.

प्रकरण असं होतं. तिच्या आधीच्या कॉलेजच्या वसतिगृहात जेवणातलं वरण दिवसेंदिवस पातळ होत गेलं. तक्रारी झाल्या, उपयोग झाला नाही. शेवटी मुलामुलींनी वरणाची तिरडी बांधली आणि तहसील कचेरीपर्यंत अंत्ययात्रा काढली. मेसच्या कंत्राटदारानं तक्रार केली, बेकायदा जमावाचा गुन्हा दाखल झाला आणि कॉलेजनं तिला काही दिवस वर्गाबाहेर ठेवलं. खटला पुढे कोर्टानं काढून टाकला होता.

साहेबांनी चष्मा लावून पंचनामा मोठ्यानं वाचला. "घटनास्थळी बांबूची तिरडी, तीवर पांढरे कापड, झेंडूचा हार व एक पातेले मिळून आले. पातेल्यात पिवळसर पाणी." मग वर बघून म्हणाले, "तक्रारीत 'डाळ' लिहिलंय."

"वरण होतं, जी."

"म्हणजे आमटी," अध्यक्ष म्हणाले.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या नेमणुकीचं कारण बहुधा हेच असावं. आमटीला फोडणी असते, चिंच-गूळ असतो, वरण साधं असतं, असं मी सांगितलं. अध्यक्षांनी ते टिपून घेतलं.

"मग मयत नेमकं कोण, याबद्दल तक्रारीत आणि जबाबात तफावत आहे," साहेब गंभीरपणे म्हणाले. ते विनोद करत नव्हते. "बरं, मडकं कोणी धरलं होतं? पुढे चालणारा तो मुख्य आरोपी."

"मीच धरलं होतं."

"तुम्हीच का?"

"बाकीच्यांना अशुभ वाटलं, जी. त्यांचे आईबाप आहेत. मी बारावीत असताना माझी आई गेली. भाऊ नाही, म्हणून तिचं मडकं मीच धरलं होतं. मला ठाऊक होतं कसं धरतात ते."

साहेबांनी पंचनाम्याचं पान उलटलं, पुन्हा सुलटं केलं. मला तिच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण समितीत तसं करत नाहीत.

अखेर अध्यक्षांनी नियमावली काढली. उमेदवाराला पश्चात्ताप झाल्याची नोंद असल्याशिवाय प्रवेश देता येत नव्हता. "तुम्हाला पश्चात्ताप होतो का? 'हो' म्हणालात तर आपण सगळेच जेवायला मोकळे."

तिनं प्रामाणिकपणे विचार केला. "यात्रेचा नाही होत. गंजाचा होतो."

"गंजलेलं होतं का ते?"

"गंज म्हणजे पातेलं, सर," मी म्हणाले. "त्यांच्याकडे तसं म्हणतात."

तो गंज मेसचा नव्हताच. आचाऱ्यानं हौसेनं स्वतःच्या घरून आणून दिला होता. पोलिसांनी तो मुद्देमाल म्हणून नेला, तो परत आलाच नाही. आचाऱ्याची बायको तिच्याशी अजून बोलत नव्हती.

साहेब ताठ झाले. मुद्देमाल हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. खटला संपल्यावर वस्तू मालकाला परत गेलीच पाहिजे, असं त्यांनी आम्हाला सोदाहरण समजावलं. अध्यक्षांना वाट सापडली. त्यांनी ठराव सांगितला आणि मी तो शुद्ध मराठीत लिहिला : 'उमेदवारास पातेल्यापुरता पश्चात्ताप झाला असून, सदर पातेले मूळ मालकास परत मिळेपर्यंत प्रवेश तात्पुरता समजावा.' खाली तिघांच्या सह्या झाल्या.

तिचं पहिलं वर्ष असं पातेल्यावर टांगलेलं गेलं. साहेब फोनवर फोन करत होते. पोलीस ठाण्यातून उत्तर यायचं की पातेलं आहे, पण त्याचं लेबल नाही. मग लेबल सापडलं, पण पातेलं सापडेना. शेवटी ते स्वतः रेल्वेनं गेले. पाण्याच्या माठावर झाकण म्हणून ठेवलेला एक गंज त्यांनी ओळखला, सही केली आणि आचाऱ्याच्या घरी पोचवला.

दुपारी मला त्यांचा फोन आला. आवाज दबका. "मॅडम, बाई म्हणतायत, हा आमचा गंज नाही. आमच्याला कान होते."

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? पोचपावती मागितली. दिली त्यांनी, पण जेवल्याशिवाय सोडत नाहीयेत."

"मग जेवा."

प्रवेश कायम झाला. ती द्वितीय श्रेणीत पास झाली आणि आता मांजरी गावात एका प्रयोगशाळेत उसाची रोपं वाढवते. परवा मंडईत भेटली, मेथी निवडून घेत होती. लग्न ठरलंय म्हणाली. साहेबांचा पत्ता मागितला. मुलीकडून कोणी वडीलधारं उभं राहायला हवं होतं, आणि वडिलांना प्रवास झेपत नव्हता.

मी साहेबांना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, "मुलाची चौकशी केलीय का कोणी?"