जहाजाचा खालचा मजला

"खाली माणसं कशाला केलीस? काढ ती. घाण दिसतं."

असं साहेब बोलले. सौदीत, कतीफमध्ये, त्यांच्या गॅरेजात. ते आमच्या कंपनीचे मॅनेजर, पुण्याचे. मी कंपनीचा सुतार, गुहागरकडचा. त्यांच्या मुलीच्या शाळेत प्रदर्शन होतं. मुंबईहून मॉरिशसला मजूर नेणारं जुन्या काळातलं शिडाचं जहाज लाकडात करायचं होतं. चार शुक्रवार, माझ्या सुट्टीचे, मी त्यात घातले.

पहिल्याच शुक्रवारी त्यांनी आडनाव विचारलं. मग गाव. मग वाडी. वाडी ऐकून "अच्छा" म्हणाले. तेव्हापासून घरातला संडास मला बंद. गेटवर वॉचमनकडे जायचं. केरळचा ड्रायव्हर मात्र घरातलाच वापरायचा. इथे अरबाची मला तेवढी भीती नाही. आपला माणूस गोड बोलला की मी सावध होतो. हा आता वाडी विचारणार.

खालचा मजला मी माझ्या मनाने केला होता. काडेपेटीच्या काड्यांची माणसं, एकमेकांना खेटून झोपलेली. माझ्या आज्याचा बाप असल्याच जहाजातून गेला. त्याचं पत्र कधी आलं नाही. घरात एवढंच माहीत.

मी माणसं काढली नाहीत. वरून फळी बसवली. साहेबांनी उचलून पाहिलं नाही.

प्रदर्शनाला जहाज उचलायला मलाच नेलं. पाहुण्यांसमोर साहेब म्हणाले, "आपले पूर्वज साहसी. दर्यावर्दी."

मी पुढे गेलो आणि फळी उचलली.

"साहेब, यात तुमचे नव्हते. माझे होते."

त्यांची मुलगी वाकून बघत राहिली. "अंकल, ह्यांनी पाय कुठे स्ट्रेच करायचे?"

"जागाच नव्हती, बाळा."

साहेब दात दाबून म्हणाले, "खलास. बाहेर उभा राहा."

उभा राहिलो नाही. सरळ कॅम्पवर आलो.

दोन दिवसांनी ऑफिसात क्लार्कने अरबी कागद पुढे सरकवला. "साइन कर, भाई."

इतकी वर्षं न वाचता करतच आलो होतो.

"पहले पढ़के सुनाओ."

त्याने पेन पुढे केलं. मी खुर्ची ओढली. शेवटी त्याने वाचलं. हफ्र अल बातिनच्या साइटवर बदली. वाळवंटात, दूर. आणखी काही लपवलंय का, म्हणून पुन्हा वाचायला लावलं. मग सही केली.

आता हफ्रला आहे. कॅम्पमध्ये कुणाच्याही हातात अरबी कागद आला की आम्ही सगळे त्याच्यासोबत ऑफिसात जातो. वाचून दाखवल्याशिवाय सही नाही. समोर कफील, म्हणजे इथला अरब मालक, असो, नाहीतर मराठी साहेब.