बासुंदी आणि फिनेल

मन्मथआप्पा माणसाच्या चेहऱ्याकडे नंतर बघत, आधी नखांकडे. लातूरच्या एका मुलींच्या वसतिगृहात मी रेक्टर म्हणून रुजू झाले, त्या दिवशी मेसच्या दारात त्यांनी मला नमस्कार केला आणि माझे जोडलेले हात तसेच जोडलेले असताना तपासून घेतले.

"या मॅडम. आत यायला हरकत न्हाई. फकस्त आंगठी काढून ठिवा."

ती माझ्या लग्नातली अंगठी होती. मी काढली. पुढे मेसमध्ये मी कायम तशीच वावरले आणि त्याचं कारण घरी एकदा नीट समजावून सांगावं लागलं.

आप्पा आमच्या मेसचे आचारी; उंच, कपाळावर भस्माचे पट्टे, डोक्याला घट्ट बांधलेलं पांढरं फडकं. आमच्याकडच्या मुली उदगीर, चाकूर, निलंग्याहून डॉक्टर व्हायला आलेल्या. क्लास आणि अभ्यासिका यांच्यामध्ये जेवण्यापुरत्या त्या मेसमध्ये येत. ओट्याचं फडकं ताटाला लागलं, तर आप्पा ताट आणि फडकं दोन्ही पुन्हा धुवायला टाकत. उन्हाळ्यात टँकर येईनासा झाला की मी पाणी जपून वापरायची सूचना फळ्यावर लिहीत असे. आप्पा खाली खडूने भर घालत : "कपडे कमी धुवा. हात न्हाई."

सकाळच्या उरलेल्या भाताला संध्याकाळी फोडणी द्या, म्हणून मुली फार मागे लागत. आप्पांचं उत्तर ठरलेलं होतं. "दाळीवर माझा इश्वास हाय. भातावर न्हाई." भाताने त्यांचं नेमकं काय बिघडवलं होतं, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

एका एप्रिलमध्ये, मुलींची परीक्षा तोंडावर आलेली असताना, वसतिगृहाच्या मालकांनी चाकूरला नातवाचं बारसं केलं. दुपारी टेम्पोतून बासुंदीचे दोन कॅन आमच्या दारात उतरले. मागोमाग मालक स्वतः आले. पोरींचं तोंड गोड करायचं, अशी त्यांची मनापासून इच्छा होती.

आप्पांनी एका कॅनचं झाकण उघडलं, वास घेतला, बाहेरून हात लावून पाहिला आणि झाकण परत लावलं.

"ही वाढता येनार न्हाई, मालक."

"का? वास येतोय का?"

"न्हाई. वास चांगला हाय."

"मग? मी स्वतः वाटीभर खाल्ली. मला काय झालं?"

"तुमी सकाळी खाल्ली. ह्या उन्हात टेम्पोत तापून आलेली तुमी खाल्ली न्हाई."

मालक चिडले. मेस कुणाची, बासुंदी कुणाची, असं बोलणं सुरू झालं. त्यांनी हातात डाव घेतला आणि स्वतः वाढायला निघाले. आप्पा शांतपणे मोरीकडे गेले, फिनेलची बाटली घेऊन आले आणि दोन्ही कॅनमध्ये निम्मी निम्मी ओतली.

"आता वाद ऱ्हायला न्हाई," ते म्हणाले.

मालकांनी त्यांना तिथल्या तिथे कामावरून काढलं. आप्पांनी डोक्याचं फडकं सोडलं, धुऊन वाळत घातलं आणि निघून गेले.

त्या बासुंदीने चाकुरात कुणालाही काहीही झालं नाही. साधी ढेकरही कुणाला करपट आली नाही. मालक हे दोन दिवस सगळ्यांना सांगत होते. मी आप्पांच्या घरी गेले, हे त्यांच्या कानावर घातलं आणि माफी मागून मोकळे व्हा म्हटलं.

"कुनाला काय झालं न्हाई, हे लई चांगलं झालं," आप्पा म्हणाले. "माफी मागतो की."

ते खरोखरच आले. मालकांपुढे हात जोडून म्हणाले, "चुकलं माझं. फिनेल फुकट गेलं. नुसतं पानी वतलं असतं तरी चाललं असतं." मालकांनी मेसच्या दाराकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "जा आत. पोरी उपाशी आहेत."

त्याच वर्षी जूनमध्ये जळकोटहून शिवगंगाबाई नावाच्या बाई नातीला घेऊन आल्या. खोली पाहिली, पसंत पडली. स्वयंपाक कोण करतं, असं विचारलं. मी आप्पांचं नाव सांगितलं, तशा त्या खुर्चीत बसल्या.

"माझा सख्खा भाऊ हाय त्यो," त्या म्हणाल्या.

त्यांच्या लग्नात स्वयंपाक आप्पांनीच केला होता. दुपारची बासुंदी उरली. फेकू नको, असं चार मोठी माणसं म्हणाली आणि आप्पांनी ती संध्याकाळी वाढली. निम्मं वऱ्हाड आजारी पडलं. बाईंचे सासरे त्यात गेले. सून घरात आली ती सासऱ्याच्या मयतीला. तेव्हापासून बाईंनी भावाच्या हातचं पाणीही घेतलं नव्हतं.

आप्पा दारात येऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"बरोबर हाय तिचं," ते मला म्हणाले आणि आत गेले.

बाई खुर्चीतून उठल्या. मग नातीची पिशवी उचलून त्यांनी माझ्या टेबलापाशी ठेवली. "पोर इथंच ऱ्हाऊ द्या," म्हणाल्या. स्वतः मात्र न जेवता निघून गेल्या.

पोरीची परीक्षा झाल्यावर त्या तिला न्यायला आल्या. जेवणाची वेळ होती. बाई आपणहून मेसच्या बाकावर जाऊन बसल्या.

"आन्ना, वाढ," त्या भावाला म्हणाल्या.

आप्पांनी ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी आणि वरण वाढलं. वरण वाढताना ते ताटाकडे नाही, बहिणीकडे बघत होते; अर्धं वरण टेबलावर सांडलं. ते पुसायचं त्यांना सुचलं नाही. मीही सुचवलं नाही.

बाईंनी ताट साफ केलं. पाणी मात्र पिशवीतून आणलेल्या बाटलीतलंच प्यायल्या. त्या गेल्यावर आप्पा रिकामं ताट हातात घेऊन उभे राहिले. मला वाटलं, पाण्याचं त्यांना लागलं असणार. काहीतरी धीराचं बोलावं, म्हणून मी जवळ गेले.

"बाटली चांगली होती तिची," आप्पा म्हणाले. "झाकन घट बसतंय."