खरकट्याची खिडकी

"ताट खोटं नाय बोलत," असं म्हणत ती तुमचं उष्टं ताट हातात घ्यायची, उजेडाकडे तिरकं धरायची, आधी ताट बघायची आणि मग तुमचं तोंड. त्यानंतर जे काय ऐकवायचं ते ऐकवायची, आणि ते हळू आवाजात कधीच नसायचं.

माणूस नजरेआड झालं की त्याच्याबद्दल गोड लिहायची आपल्याकडे रीत आहे. ती मी पाळणार नाही. मला ती बाई आवडत नव्हती आणि तिला मी. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी रुमाल काढून बसायला नको.

तुम्ही तारापूरच्या एखाद्या कारखान्यात जेवला असाल तर ती खिडकी तुम्हाला माहीत असेल. वाढतात त्या टोकाला नव्हे, दुसऱ्या टोकाला, हात धुवायच्या नळांशेजारी. तिथे उष्टं ताट द्यायचं. आमच्याकडे त्या खिडकीत ही बसायची. मासवणकडची, साठीला टेकलेली, ठेंगणी, साबणाने हात पांढरे पडलेली. माणूस कंत्राटदाराचं, पण तोरा मालकिणीचा. मॅनेजर असो की हेल्पर, सगळ्यांना अरे-तुरे. आम्ही तिला मावशी म्हणायचो. ती मला मोठ्या म्हणायची.

कारण मी मोठाच होतो. एकशे बेचाळीस किलो. पोळ्या सहा, भात दोनदा, वर कुणाचं काही उरलं असेल तर तेही. माझं ताट पुसून काढल्यासारखं परत जायचं. "मोठ्याचं ताट घासायला नाय लागत!" ती ओरडायची आणि अख्खी रांग हसायची. मीही हसायचो. जाड माणसाला तेवढं यावंच लागतं.

मग मी पोटाचं ऑपरेशन करून घेतलं, वजन उतरवायचं. हौस म्हणून नाही. माझ्या बाबांना साखरेनं नेलं. आधी अंगठा कापला, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत पाय, आणि बावन्नाव्या वर्षी सगळंच संपलं. मी चव्वेचाळीसचा होतो आणि माझी साखर त्यांच्याही वर धावत होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "पोट लहान केलंय, सवय नाही. ती तुम्ही लहान करायची. आधी अंडं, डाळ, मासा. जागा उरली तर भात. सावकाश चावून. जेवताना पाणी नाही, गोड नाही, बाटलीतलं कोल्ड्रिंक नाही. व्हिटॅमिनच्या गोळ्या जन्मभर, नाहीतर केस गळतील. हयगय केलीत तर पोट परत ताणतं, आणि मग मी काही करू शकणार नाही."

कंपनीत मात्र हर्निया सांगितला. खरं सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, फुकटात बारीक झाला. घरी बायको आणि मी, बास, तिसऱ्याला पत्ता नाही.

आता गंमत बघा. मला जेमतेम पाच-सहा चमचे जायचे, पण संशय नको म्हणून मी ताट पूर्वीसारखंच भरून घ्यायचो. अंडं आणि डाळ खायची आणि बाकीचं खिडकीत सरकवायचं. पहिल्या दिवशी तिने ताट तिरकं धरलं. "हे काय?"

"पोट बरं नाही."

"मग घेतलंस कशाला येवढं?"

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी ती खिडकीतून अर्धी बाहेर आली आणि दोनशे माणसांत ओरडली, "बघा रं बघा! आमचं रान डोंगराला, पाऊस गेला का भात गेला. एका पिकावर वरीस काढतो आमी. आन् हा सायेब भात फेकतो! शरम नाय वाटत?"

मी त्याच दुपारी तक्रार लिहून दिली. 'कॅन्टीनमधील महिला कर्मचारी अधिकाऱ्यांशी अर्वाच्य भाषेत बोलते.' ऑफिसने ती फाइलला लावली. मला वाटलं, जिरली.

कसली जिरते! दुसऱ्या दिवशी मी रांगेत लागायच्या आधीच तिने मला खिडकीपाशी बोलावलं आणि हातात एक छोटी स्टीलची ताटली ठेवली, काठाला पोचा आलेली. "ह्यात घे. पोट केवढं ठेवलंय तेवढंच घे."

कुणी ऐकतंय का ते मी आधी पाहिलं. "म्हणजे?"

"हर्नियावाला भात ठेवून डाळ पीत नाय. अंडं रोज संपतं, पोळी रोज राहते. गिलास भरलेला तसाच परत येतो. तुजं पोट कापलंय. मी कुणाला सांगणार नाय. पण फेकू नको."

मी ताटली घेतली. उपकार म्हणून नाही. तोंड उघडेल या भीतीने घेतली. त्याला दमदाटी म्हणतात.

तर पुढची दोन वर्षं मी, दोन माणसांच्या खुर्चीत बसणारा माणूस, त्या ताटलीत जेवलो. सहकाऱ्यांना सांगितलं, डॉक्टरने पथ्य दिलंय. पन्नास किलो उतरले. साखरेच्या गोळ्या बंद झाल्या. बोईसर स्टेशनचा जिना मी न थांबता चढू लागलो. सगळे वाहवा करायचे, "क्या साब, हीरो हो गये!" एकटी ती नाही. तिचं आपलं रोजचं चालूच. "डाळ ठेवलीस."

"नको होती आज."

"नको म्हंजे? जा, बस, संपव." आणि मी, एका सेक्शनचा इन्चार्ज, बावीस माणसं हाताखाली असलेला, मुकाट्याने परत जाऊन बसायचो. आमचा एक वेल्डर तर ते बघायला मुद्दाम उशिरा जेवायचा.

एकदा ताटली तिरकी धरून म्हणाली, "केस सापडतात तुजे रोज. गोळ्या घेतोस का रं?"

"तुला काय करायचंय?"

"म्हंजे नाय घेत."

व्हिटॅमिनच्या गोळ्या खरंच बंद केल्या होत्या, तीन महिने झाले होते. बायकोच्याही लक्षात आलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी निमूट गोळ्या आणल्या. आणि कसा कोण जाणे, दुसऱ्या दिवशी त्या खिडकीपाशी उभा राहून मी तिला बाबांच्या पायाची गोष्ट सांगितली. ऐकता ऐकता ती ताटली घासत राहिली. तिला सांगून मी चूक केली असं मला तेव्हाच वाटलं होतं.

तिसऱ्या वर्षी मी सैल पडलो. माणूस सुधारला की माजतोच. दसऱ्याला मशीनपूजेची जिलबी खाल्ली, तर दरदरून घाम आणि छाती धडधडून अर्धा तास बाकावर आडवा. शहाण्याने धडा घेतला असता. मी एवढंच शिकलो की जिलबी हळूहळू खायची. मग शिफ्टच्या बसमध्ये चिवडा. चिवडा लहान पोटातही अडत नाही, सरकत जातो. मग बिस्किटं, मग कोल्ड्रिंकची बाटली. पोट बिचारं ताणत गेलं. एके दिवशी मी वाढण्याच्या रांगेतून सरळ मोठं ताट उचललं आणि सगळं संपवलं. शेजारचे म्हणाले, "वा, तब्येत सुधारली!"

तिने ते ताट उजेडाकडे धरलं आणि बराच वेळ खाली घेतलं नाही.

"टाकत व्हतास तवा बरा व्हतास," ती म्हणाली.

पुढचा महिनाभर रोज ती ताटली पुढे करायची आणि मी रोज तिच्या हातून न घेता मोठं ताट उचलायचो. एके दिवशी तिने ताटली माझ्या छातीलाच लावली. मी ती हिसकून खिडकीत भिरकावली. "तुझं काम भांडी घासायचं, मावशी. तेवढं कर!"

"भांडीच घासते!" ती किंचाळली. "म्हनून दिसतं मला! पोट कापून आलास ते फुकट घालवलंस. बापाचा पाय कापला तसा तुजाबी कापतील, मग ये माझ्याकडं रडत!"

अख्खं कॅन्टीन वळून माझ्याकडे बघायला लागलं. माझं ऑपरेशन, माझ्या बापाचा पाय, सगळं तिने त्या खरकट्याच्या ड्रमशेजारी मांडून ठेवलं. मला इतका राग आयुष्यात कुणाचा आला नव्हता. अजूनही त्या वाक्याचा येतो, खोटं कशाला बोलू?

मी तडक ऑफिसात गेलो, जुनी तक्रार बाहेर काढायला लावली आणि वर नवी जोडली. कंत्राट बदलण्याचे दिवस होते. नव्या कंत्राटदाराने तिला एका वाक्यात सांगितलं, उद्यापासून येऊ नको. मला कळलं तेव्हा मी चहा पीत होतो. चहा मी पूर्ण प्यायलो.

खिडकी बंद झाली. तिथे प्लॅस्टिकचा टब आला. ताट आपलं आपण टाकायचं आणि जायचं. कोण बघतंय? मी सुटलो. इतका सुटलो की वर्षाच्या आत अठरा किलो परत आले. साखरेच्या गोळ्या सुरू झाल्या. आणि यंदाच्या थंडीत नवा बूट चावला. उजव्या पायाचा अंगठा. साधं खरचटणं, ते पाच आठवडे भरलं नाही. पट्टी बदलताना बायको रडत नव्हती, नुसती बघत होती. बाबांच्या पट्ट्या आई अशीच बदलायची. डॉक्टर म्हणाले, "अजून वेळ आहे. पण आता तुमच्याच हातात आहे."

त्या रविवारी मी रिक्षा करून मासवणला गेलो. माफी मागायला गेलो होतो असं म्हणवत नाही. भांडायला गेलो असेन. बाबांच्या पायावरून तिने मला शाप दिला आणि तो लागला, एवढं तिच्या तोंडावर बोलायचं होतं.

ती नव्हती. सून अंगणात होती. "आय भट्टीवर गेली. विटांच्या, भिवंडीकडं. दिवाळी झाली का गेली, होळीला येल." मग मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "कंपनीतले ना तुमी? मोठ्या?"

साठीची बाई विटा वाहायला गेली होती. माझ्या दोन कागदांमुळे. मी तिथेच खाटेवर बसलो.

जेवायची वेळ होती. सून म्हणाली, उपाशी कसे जाल? तिने मोठं ताट आणलं, भाताचा डोंगर, वर डाळ, बाजूला अंडं. त्यांच्याच डोंगरावरचा भात, त्याच एका पिकाचा. तो टाकण्याची माझी छाती नव्हती, आणि खाण्याची आता मुभा नव्हती. हात ताटात जाईना.

कोपऱ्यात पाण्याच्या हंड्यावर झाकण म्हणून एक ताटली होती. काठाला पोचा.

"ती द्या," मी म्हणालो. "त्यात वाढा."

"ती? ती आयची हाय. कंपनीत न्यायची रोज. पाहुण्याला कशी देऊ?"

मी इतकी वर्षं ती कॅन्टीनची समजत होतो. उलटी करून पाहिली. मागे तिचं नाव टोचून घातलेलं होतं. तिचं नाव मी पहिल्यांदा तिथे वाचलं. इथे सांगत नाही. तिला विचारलेलं नाही.

अंडं, पळीभर डाळ, दोन घास भात. अर्धा तास जेवलो. मग ताटली घेऊन दारात गेलो आणि उजेडाकडे तिरकी धरली. शीत नव्हतं. मी ती स्वतः घासली आणि परत हंड्यावर ठेवली. सून "राहू द्या, राहू द्या" म्हणत राहिली.

निघताना तिने विचारलं, "आयला काय सांगू?"

मी म्हटलं, "मोठ्याचं ताट साफ होतं म्हणून सांगा." फाटकापर्यंत गेलो आणि परत फिरलो.

"ताट नको. ताटली होती म्हणून सांगा."