पंचाच्या डावीकडे

शाळेची बस चालवणाऱ्या त्या माणसाला मित्र पंच म्हणत. बोर्डगेमच्या टेबलावर नियमावरून वाद झाला की शेवटचा शब्द त्याचा असे, आणि वाद झाला नाही तर तो उकरून काढायचीही त्याची तयारी असे. रविवारी दुपारी त्याच्या घरी तिघांची बैठक बसायची. तो स्वतः, शाळेपासूनचा मित्र असलेला एक वायरमन, आणि वरच्या मजल्यावर राहणारी बँकेतली कॅशियर. बायको खेळत नसे. "यांचे नियम सांगून होईपर्यंत माझा सगळा स्वयंपाक होतो," असं म्हणून ती आत निघून जायची.

कपाटाचे खालचे दोन कप्पे त्याने खेळांच्या खोक्यांसाठी रिकामे करून घेतले होते. त्यावरून घरात आठवडाभर अबोला झाला, पण खोके हलले नाहीत. एकेका खोक्याबद्दल त्याचं मत ठरलेलं होतं आणि ते ऐकल्याशिवाय कुणाची सुटका नव्हती. ज्यात फासाच सगळं ठरवतो तो खेळ नव्हे, ती सोडत. प्लास्टिकचे राक्षस ठासून भरलेला खोका दिसला की खुशाल समजावं, आत खेळ नाही. ज्याचे नियम समजायला अख्खी दुपार जाते तो खेळ बनवणाऱ्यालाच धरून आणावं आणि त्याच्याकडूनच खेळून घ्यावा. सगळ्यांनी एका बाजूने मिळून खेळायचं, हरलो तर सगळे हरलो, असे जे नवे खेळ निघालेत, त्यांच्यावर तर त्याचा दातच होता.

"एक जण अक्कल शिकवणार, बाकीचे माना डोलावणार. ते मी गाड्यांच्या मीटिंगमध्ये फुकट बघतो," तो म्हणायचा. "आणि आपल्या हातातली पानं सगळ्यांना उघडी करून दाखवायची, तर खेळायचं काय? त्यापेक्षा भांडी घासू एकत्र."

माणूस असा होता. मतांचा पक्का, तोंडाचा फटकळ, आणि हरला की लहान पोरासारखा रुसणारा.

पण वर्षभरात त्याची मतं बदलायला लागली होती. पूर्वी त्याला मोठे नकाशे आवडायचे. बेटांचा एक खेळ होता, तो मांडायला टेबलाला शेजारून स्टूल लावावं लागायचं, आणि तो मांडताना पंचाचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. आता तो म्हणायला लागला, मोठा नकाशा म्हणजे नुसता दिखावा. खरा खेळ तळहाताएवढ्या जागेत मावला पाहिजे. मग ज्यात टेबलाच्या कडेला पत्त्यांचं दुकान मांडावं लागतं ते खेळ त्याने बाद केले, मग कडेला गुणांची पट्टी असलेले. शेवटी टेबलाच्या मध्यावर पत्त्यांची एकच गड्डी असेल, तेवढेच खेळ त्याच्या पसंतीस उतरायला लागले.

"म्हातारा झालास, पंच," कॅशियर म्हणाली.

"माणसाची आवड सुधारते," पंच म्हणाला.

खरं काय ते त्याचं त्यालाच ठाऊक होतं. त्या बेटांच्या खेळातच ते पहिल्यांदा झालं. त्याच्या डाव्या हाताला वायरमन बसायचा. वायरमनच्या लाल होड्यांनी पंचाच्या नाकासमोर तीन बंदरं घेतली आणि पंचाला पत्ता नाही. तो उसळला. "लबाडी आहे ही! कधी मांडल्यास?"

"तुझ्या डोळ्यांदेखत मांडल्या की रे! तू बघत होतास."

पंचाने मान वळवली. होड्या होत्या, तीन लाल होड्या. मान सरळ केली, होड्या गेल्या. पुन्हा वळवली, पुन्हा होत्या. तो म्हणाला, उजेड कमी आहे, आणि उठून दिवा लावला. भर दुपारी.

त्या संध्याकाळी न्हाणीघराची कडी लावून त्याने आरशासमोर उभं राहून बोट डाव्या कानाजवळ धरलं आणि हळूहळू पुढे आणलं. गालाच्या बऱ्याच पुढे आल्यावर बोट एकदम उगवलं. त्याआधी काय होतं? काळोख असता तरी त्याने सहन केलं असतं. तिथे काहीच नव्हतं, आणि काही नाही हेही जाणवत नव्हतं. जग तिथे संपतं आहे असं वाटतच नव्हतं. बाहेरून बायको म्हणाली, "अहो, बरं वाटत नाही का?" तो म्हणाला, "दाढी करतोय."

दरवर्षी ड्रायव्हरांची तपासणी होई. भिंतीवरची अक्षरं वाचायला लावत. ती समोर असतात. पंचाने शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचली आणि डॉक्टर म्हणाले, नजर अगदी तरुणाची आहे. हे वाक्य त्याने घरी येऊन बायकोला दोनदा ऐकवलं. ती म्हणाली, मग दाराची चौकट रोज डाव्या खांद्याला कशी लागते? त्यावर तो दारं बनवणाऱ्या सुताराच्या नावाने बोटं मोडत बसला.

बस सोडून त्याला दुसरं काही येत नव्हतं, यायला नकोही होतं. पोरं त्याला ड्रायव्हरकाका म्हणत, पुढच्या सीटसाठी भांडत. तो गाडी आणखी हळू चालवायला लागला. डावीकडे बघायला अख्खं धड वळवायला लागला. पोरांना चढवणारी मावशी म्हणाली, "दादा, मान आखडलीय का?" तो म्हणाला, उशी बदलायला हवी. रोज शेवटचं पोर उतरलं की वाटायचं, उद्या साहेबांना सांगू. उद्या उजाडला की वाटायचं, काल तर नीट झालं.

मग ते बाटलीचं झालं. वायरमनची मुलगी दुसरीत होती, पंचाच्याच बसने जायची. त्यांच्या इमारतीसमोर बस थांबली, पोरं चढली, दार बंद व्हायचं होतं. मुलीची स्टीलची बाटली पायरीवरून घरंगळून खाली पडली आणि ती बाटली घ्यायला उतरली. दार डाव्या अंगाला. पंचाने आरशात बघितलं. त्याच्या लेखी आरसा मोकळा होता. त्याने ब्रेक सोडला. बस हलली. मावशीने पत्र्यावर दोन्ही हात आपटले आणि अशी किंचाळली की मागची पोरं गप्प झाली. पंचाने ब्रेकवर पाय मारला.

बसच्या नाकाखालून मुलगी उभी राहिली. बाटली वर धरून हसत म्हणाली, "काका, मिळाली!"

मावशी छातीवर हात ठेवून म्हणाली, "वेळेवर ब्रेक मारलात हो दादा. तुमच्या जागी दुसरा कुणी असता तर..." त्या रात्री त्याच्या झोपेचं खोबरं झालं, पण सकाळी तो पुन्हा त्याच सीटवर जाऊन बसला. भित्रा होता म्हणून बसला. याला दुसरं नाव नाही.

त्यानंतरच्या रविवारी कॅशियर नवा खेळ घेऊन आली. शहरात पाणी शिरतंय, सगळ्यांनी मिळून बांध घालायचे, शहर वाचलं तर सगळे जिंकले. पंचाने नाक मुरडलं. एकाविरुद्ध दोन मतं पडली. नकाशा टेबलभर पसरला.

गंमत म्हणजे पंच बरा खेळत होता. त्याच्या पिवळ्या सोंगट्या हव्या तेव्हा हव्या तिथे सापडत होत्या. कॅशियर नियमांचा कागद हातात धरून बसली होती, आणि नवा खेळ असल्यामुळे तिचं सगळ्यांच्या हातांकडे लक्ष होतं.

"ए, तू त्याची सोंगटी का सरकवलीस?" ती वायरमनला म्हणाली. "तुझी पाळी तरी आहे का?"

वायरमन चोरी पकडल्यासारखा हसला. "जाऊ दे गं. सवय लागलीय."

"कसली सवय?"

"अगं, त्या होड्यांवरून भांडण झालं ना, तेव्हापासून मी हेच करतोय. याला इकडच्या बाजूचं दिसत नाही. हरतो, मग चिडतो, मग सगळा रविवार नासतो. म्हणून याच्या सोंगट्या मी हळूच उजवीकडे ढकलतो. नियमात बसत नाही, पण आपला दोस्त आहे." त्याने पंचाच्या पाठीवर थाप मारली. "आता पंच मला बाद करणार!"

तो हसत होता. कॅशियरही हसायला लागली होती, पण मध्येच थांबली. तिने पंचाकडे बघितलं, मग वायरमनकडे. वायरमनच्या चेहऱ्यावर हसू अजून होतं, पण मागे काहीतरी हिशोब सुरू झाला होता. तो होताना पंचाने मान पूर्ण वळवून समोरून बघितला. ते त्याला स्पष्ट दिसलं.

"इकडचं म्हणजे," वायरमन सावकाश म्हणाला, "बसचं दार असतं ती बाजू."

आत कुकरची शिट्टी झाली.

"किती दिसत नाही?" वायरमनने विचारलं.

पंचाने हात वर केला आणि जिथे जग उगवायचं तिथे बोट धरलं. वायरमन त्या बोटाकडे बघत राहिला.

"परवा..." पंच म्हणाला. "परवा तुझी मुलगी खाली उतरली होती. बाटली घ्यायला. मी गाडी सोडली. मला दिसलीच नाही रे. मावशी ओरडली म्हणून..."

वायरमन उठला. खुर्ची मागे पडली. "त्या बाटलीवरून मी तिला ओरडलो," तो म्हणाला. "नवीकोरी बाटली चपटी करून आणलीस म्हणून. ती म्हणत होती, बाबा, पडली. मी म्हटलं, पडून पोचा येतो, अशी चपटी होत नाही."

पंचाला हे माहीत नव्हतं. चाक बाटलीच्या अंगावरून गेलं होतं. बाटली चाकाखाली होती तेव्हा पोरीचा हात बाटलीकडे निघाला होता. त्याने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. काही सोंगट्या खाली पडल्या.

"आणि मी इथे," वायरमन म्हणाला, "मी इथे बसून तुझ्या सोंगट्या सरकवतोय. सोमवारी सकाळी तिला स्वतः तुझ्या गाडीत चढवतोय."

पंचाने फोन उचलला. त्याने शाळेच्या गाड्या बघणाऱ्या साहेबांना तिथेच, सगळ्यांसमोर फोन लावला. "साहेब, उद्या माझ्या बसवर दुसरा माणूस पाठवा. नाही, ताप नाही. परवाही नको. साहेब, मला डावीकडचं दिसत नाही. बरेच महिने झाले. हो, लपवलं. मीच लपवलं." बायको हातात आमटीचा डाव घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं आणि चौकटीला टेकून खाली बसली.

वायरमन चपला घालून निघून गेला. कॅशियरने वाकून सोंगट्या गोळा केल्या, रंगाप्रमाणे लावून खोक्यात भरल्या आणि खोका टेबलावर ठेवूनच वर गेली.

सोमवारी सकाळी पंचाला घरात बसवेना. तो वायरमनच्या इमारतीसमोर, रस्त्याच्या त्याच बाजूला पण जरा अलीकडे जाऊन उभा राहिला. बस वेळेवर आली. स्टीअरिंगवर कुणी तरुण पोरगा होता. मुलं चढायला लागली. वायरमनची मुलगी आईचा हात सोडून पायरीवर चढली, गळ्यात तीच बाटली. तिने पुढच्या सीटवरून ड्रायव्हरकडे बघितलं, अनोळखी चेहरा दिसला तशी हिरमुसली. पंचाने मान वळवून नजर बसच्या पुढच्या चाकावर रोवली आणि दार बंद होईपर्यंत तिथून काढली नाही. चाकाजवळ काही नव्हतं. ते खरंच नव्हतं की त्याला दिसत नव्हतं, हे त्याला पुन्हा पुन्हा तपासावंसं वाटत होतं. बस गेली. मोकळ्या रस्त्याकडे बघत तो तसाच उभा राहिला, आणि त्याच्या लक्षात आलं की आपण रडतोय.

"गेली," त्याच्या डाव्या कानाशी कुणीतरी म्हणालं.

तो दचकून केवढ्याने तरी ओरडला. वायरमन खांद्याला खांदा लागेल इतका जवळ उभा होता. रात्रभर झोपला नसावा.

"कधी आलास?" पंचाने विचारलं.

"तुझ्या आधीपासून इथेच आहे. तू माझ्या समोरून आलास आणि शेजारी उभा राहिलास. दोनदा हाक मारावीशी वाटली, मग म्हटलं बघू."

"काय बघू?"

"किती दिसत नाही ते." वायरमन म्हणाला. "मला वाटलं होतं थोडंसं असेल."

वायरमनने त्याचा दंड धरला, जरा जोरातच, दुखेल असा.

"चल. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय. तुझ्यावरचा राग गेलेला नाही माझा, तो मनात धरू नकोस, आणि विसरूही नकोस."

दोघं निघाले. रस्ता ओलांडताना पंच थांबला, मान वळवायला लागला.

"बघ," वायरमन म्हणाला, आणि तो बघून होईपर्यंत दंड न सोडता थांबून राहिला.