बिननावाच्या पोरांचं बारसं

माझ्या सासऱ्यांइतकं मला आयुष्यात कुणी लाजवलेलं नाही, आणि हे मी शाळेतल्या सगळ्या मास्तरांना जमेस धरून सांगतो आहे. आमच्या बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात सासरा म्हटलं की जावयाच्या डोळ्यांपुढे ऊस, पाण्याची पाळी, फार तर फेटा येतो. माझ्या डोळ्यांपुढे रग्बी येते. त्यांचं गाव पिंपळी, आणि सगळी पिंपळी त्यांना आबा म्हणायची. तरुणपणी ते पलटणीत होते, काही वर्षं कलकत्त्याला होते, आणि तिथल्या मैदानावर त्यांनी हा खेळ पाहिला. गावी परतले ते एक अंड्याच्या आकाराचा चामडी चेंडू काखेत मारूनच. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखलेल्या घरातला माणूस. आठ गडी इकडून, आठ गडी तिकडून डोकी खाली घालून एकमेकांना रेटतायत, यात त्यांना परकं असं काही वाटलंच नाही. "आमच्या एडक्यांची टक्कर ती हीच. हितं फकस्त कापडं घातल्याली," असं ते म्हणायचे.

चेंडू घरी ठेवून प्रवास करणं त्यांना जमत नसे. एकदा इंदापूरच्या एसटीत तो मांडीवर घेऊन ते माझ्याशेजारी बसले होते. कंडक्टरनं विचारलं, "आबा, पपई का?" आता एवढ्या प्रश्नाला नाही म्हटलं की भागतं. पण आबांनी उठून त्याला नियम समजावला. "पळायचं म्होरं आन् चेंडू द्यायचा मागं. म्होरं टाकला की चूक." आणि नुसतं सांगून समाधान होईना म्हणून चेंडू खरोखरच मागं टाकला. तो एका बाईंच्या अंड्यांच्या टोपलीत जाऊन पडला. मी खिडकीबाहेरचा ऊस असा न्याहाळू लागलो, जणू मी तो पहिल्यांदाच पाहत होतो. बाई उतरेपर्यंत बोलत होत्या, आणि आबा त्यांना समजावत होते की तुम्ही हात पुढे करायला हवे होते.

पण खेळापेक्षाही त्यांचा जीव अडकला होता तो नावांत. कुठल्या देशाच्या संघाला काय म्हणतात आणि ते नाव कसं पडलं, हे त्यांना सोयरिकीसारखं पाठ होतं. न्यूझीलंडवाले काळे कपडे घालतात म्हणून ऑल ब्लॅक्स, दक्षिण आफ्रिकेवाल्यांचं हरीण, ऑस्ट्रेलियावाल्यांचं छोटं कांगारू. आमच्या लग्नात, इंदापूरच्या मांडवात, माझे चुलते तात्या जिलबीचा पहिला घास उचलतात न उचलतात तोच आबांनी त्यांना अर्जेंटिनाची हकीकत सुनावली. त्या संघाच्या छातीवर चित्र होतं जग्वारचं. परदेशी दौऱ्यावर एका वार्ताहरानं जनावर नीट ओळखलं नाही आणि पेपरात ठोकून दिलं, प्यूमा. "पोरांनी काय केलं आसंल, तात्या? तेच नाव लावलं. चुकीचं का व्हयना, पर कुणीतरी ठिवलं हुतं." तात्या हे भलते कडक. त्यांनी जिलबी पानात परत ठेवली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरगी गुणाची हाय म्हणून गप बसतोय."

नव्वदचं दशक सरत आलं होतं. आमच्या मुलाचा जन्म झाला त्याच सुमाराला आपल्या देशाचा रग्बी संघ पहिल्यांदाच परदेशी संघाशी खेळल्याची चार ओळींची बातमी पेपरात आली. आबांनी ती चार-पाचदा वाचली. नावाचा पत्ताच नव्हता. झालं, माणसाचं अन्नावरचं लक्ष उडालं. पारावर कुणी म्हणालं, वाघ म्हणा. "वाघ एकटा ऱ्हातो. ही पंधरा पोरं हायती," म्हणून त्यांनी तो वाघ हाकलून दिला. मेंढा सुचला, पण लोक हसतील म्हणून त्यांनीच गिळून टाकला. मला म्हणाले, "जावईबापू, बिननावाची पोरं परमुलखात धाडली. कुणी पुसलं, तुमी कोण, तर काय सांगत्याल?"

"इंडिया," मी म्हणालो.

"ते आडनाव झालं."

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून बारसं पिंपळीलाच होतं. इंदापूरहून तात्यांसकट माझी सगळी माणसं येणार होती. बायकोनं सकाळीच वडिलांना बजावलं, "आबा, आज चेंडू माळ्यावर. माझी शपथ हाय." आबांनी मुकाट्यानं चेंडू वर ठेवला आणि नवा फेटा बांधून भिंतीशी बसले. आमच्याकडे पाळण्यात बाळ घालण्याआधी वरवंट्याला कुंची घालून बायका तो पाळण्याखालून नि वरून एकमेकींच्या हाती देतात. वरवंटा या हातातून त्या हातात जाऊ लागला तशी आबांची मान फिरू लागली, आणि एका मावशीनं तो जरा लांबवर दिला तेव्हा त्यांच्या तोंडून निसटलंच, "म्होरं दिला, म्होरं दिला." बायका हसल्या. मी मान खाली घातली ती वर केलीच नाही.

मग माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, आत्याच्या मानानं बाळाच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत बुक्के घातले, घुगऱ्या वाटल्या गेल्या. मी सुटलो असं वाटत असतानाच आबा आतून आले. हातात चेंडू, चेंडूला कुंची.

"अक्का," ते म्हणाले, "त्या पोरांना आत्या न्हाय. तुमी ह्याच्या कानात एक नाव सांगा."

बायकोनं तोंडाला पदर लावला आणि ती रडू लागली. तात्या उठून चपला शोधू लागले. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं मला मनापासून वाटलं. आबांनी लेकीकडे पाहिलं आणि तेव्हा त्यांना कळलं. हा माणूस लाजलेला मी कधी पाहिला नव्हता. त्यांचे कान लाल झाले, कुंचीची गाठ सुटता सुटेना. "ऱ्हाऊ द्या, चुकलंच माझं," असं पुटपुटत ते वळले.

"आणा हिकडं," अक्का म्हणाली.

तिनं चेंडू मांडीवर घेतला, कुंची सारखी केली, आणि वाकून बराच वेळ काहीतरी कुजबुजली. सवयीनं बायकांनी पुन्हा तिच्या पाठीत बुक्के घातले. तात्या एका पायात चप्पल घालून तसेच उभे राहिले.

आबांचे कान पलटणीतच अधू झाले होते. त्यांना काही ऐकू आलं नव्हतं, आणि विचारायची आता त्यांना चोरी झाली होती. पण दुसऱ्या दिवसापासून पारावर ते ताठ बसू लागले. "नाव ठिवलंय. पोरांस्नी म्हाईत हाय," एवढंच सांगायचे. पुढं ते गेले तोवर त्यांनी अक्काला एका शब्दानं विचारलं नाही.

त्यांच्या दिवसांना अक्का पिंपळीला आली होती. मागच्या पडवीत आम्ही दोघंच होतो तेव्हा मी विचारलं, काय नाव ठेवलं होतंस.

"मला कुठलं नाव सुचायला," ती म्हणाली. "मी म्हणलं, बाळांनो, हरला तरी घरी या."